चौरस मीटरचा भाव

ओळंबा खोटं बोलत नाही, म्हणते मायस्त्रा उर्बाना.
भिंत बोलते, मालक बोलतो, नवरा तर बोलतोच.
दोरीला टांगलेलं हे शिसं मात्र
पृथ्वीचं ऐकतं, दुसऱ्या कुणाचं नाही.

आम्ही अकरा जणी, एल आल्तोच्या थंडीत,
पत्र्याच्या शेडमध्ये, सकाळी सातला.
बादलीतल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा,
तो थापीच्या टोकाने फोडायचा
आणि माल कालवायचा, एकास तीन,
घागरे वर खोचून, गोल टोप्या खिळ्यांना अडकवून.
खाली ला पाझ
वाडग्याच्या तळाशी उरलेल्या दाण्यांसारखं.

पहिल्या महिन्यात मी उभी केलेली भिंत
उर्बानाने लाथेने पाडली. पाच वेळा.
सहाव्या वेळी नुसता हात फिरवला
आणि तेओदोराच्या भिंतीकडे निघून गेली.
त्या रात्री मला झोप आली नाही.

गुण्या, रंधा, पाणसळ.
नावं तोंडात बसली, घट्टे नव्या जागी आले.
जुने घट्टे साबणाचे होते.
सत्तावीस वर्षं मी खाली शहरात
दुसऱ्यांच्या फरश्या पुसल्या,
मागच्या दाराने आत, मागच्या दाराने बाहेर.
मोलकरीण म्हणतात.
शब्दातच मोल आहे,
पण ते किती, हे तिला कुणी विचारत नाही.

शेवटच्या आठवड्याचा धडा सिमेंटचा नव्हता.
एकेकीने उभं राहायचं
आणि आपला भाव सांगायचा. मोठ्याने.
"बघा", "म्हणजे", "तुम्हाला परवडेल तसं",
असलं काहीही शेपूट न लावता.
तेओदोरा, जी पोतं पाठीवर घेऊन
तीन मजले न थांबता चढते,
ती रडली.
मी म्हटलं, चाळीस.
ऐंशी, म्हणाली उर्बाना.
मी म्हटलं, साठ.
तिने मला दाराबाहेर काढलं.
"वाऱ्याला सांग. तो घासाघीस करत नाही."
मी सांगितलं. तोंडात धूळ गेली.
पुन्हा सांगितलं.

पहिलं बोलावणं आलं ते कालाकोतोहून,
सेन्योरा ग्लादिसच्या घरून.
तिला मी गवंडीण झाल्याची बातमी
नव्या बाईकडून कळली होती.
तीच न्हाणी. गुडघ्यांना पाठ असलेली.
मला बघायचीसुद्धा गरज नव्हती:
नळाखालची तिसरी फरशी पोकळ,
खिडकीकडचा उतार उलटा, म्हणून पाणी साचायचं,
आणि साचलं की बोलणी मला.
मी पाणसळ ठेवली.
बुडबुडा एका बाजूला पळाला.
इतकी वर्षं माझं चुकलं नव्हतं.

"किती घेशील, निकोलासा?"
जीभ टाळ्याला चिकटली.
मागच्या दाराची सगळी वर्षं घशाशी आली.
"ऐंशी," मी म्हटलं. "चौरस मीटरला."
आणि गप्प राहिले.
ही शांतता कशाने भरायची ते मला येत होतं,
जन्मभर तेच केलं होतं.
भरली नाही.
ती हसली, मग हसायची थांबली.
"विचार करून फोन करते."

परतताना केबल-कार, आधी हिरवी, मग पिवळी.
मांडीवर पाणसळ, पायाशी पिशवी, रिकामे हात.
शहर खाली खाली जात राहिलं.
जीभ मोडू नये म्हणून मी पुटपुटत होते,
ऐंशी, ऐंशी, ऐंशी.

समोर एक म्हातारा, मांडीवर कोंबडीची टोपली.
त्याला वाटलं, मी त्याच्याशीच बोलतेय.
"कशाचे?"
"फरशी बसवायचे. चौरस मीटरला."
त्याने माझ्या हातांकडे पाहिलं, सावकाश,
बाजारात बटाटे पाहावेत तसं.
"स्वस्त आहे," तो म्हणाला,
आणि कोंबडी सावरत
पुढच्या स्टेशनात उतरून गेला.